सुई मधोमध, तरी फोटो काळे! (पेंटॅक्स के१०००, शटर स्पीड आणि मीटर)

फर्स्टगेट (टिळकवाडी, बेळगाव)
नमस्कार. बरेच दिवस नुसती वाचत होते, आज लिहायची वेळ आली. माझ्या मामाचा पेंटॅक्स के१००० माळ्यावर सापडला, तो गल्फला होता तेव्हाचा, ५० एमएम एफ २ लेन्ससकट. मामी म्हणाली घेऊन जा बाई, नाहीतर भंगारवाला येतोयच. नवीन सेल घातला, आतली उजेड मोजणारी सुई (तेच मीटर) हलली, म्हटलं नशीब.

२०० चा (आकडा मोठा तेवढा कमी उजेड पुरतो) कलर रोल घातला, ३६ फोटोंचा. अख्खा रोल एकच काम केलं, शटर स्पीड (उजेड किती वेळ आत येणार तो) लावायचा, आत उजवीकडची सुई मधोमध येईपर्यंत ॲपर्चरची (लेन्सच्या भोकाची) रिंग फिरवायची आणि खटका दाबायचा. पुस्तकात तसंच लिहिलंय. रोल धुवून स्कॅन होऊन आला तर सुरुवातीचे थोडे बरे आणि नंतरचे सगळे मातीत. काळपट, राखट, वर वाळू टाकल्यासारखे दाणे. राजहंसगडावरचे गेले, किल्ल्यातल्या कमल बस्तीतले (जैन मंदिर) गेले. रोल, धुलाई, कुरिअर धरून दीड-दोन हजार गेले ते वेगळंच, घरी अजून सांगितलेलं नाही.

प्रश्न असा की सुईवर विश्वास ठेवायचा का? की शटरच बिघडलंय? की ते 'उन्हात सोळा' (कडक उन्हात ॲपर्चर एफ १६) पाठ करून सुईकडे बघायचंच नाही?

कुंदाप्रेमी
लेन्सचं झाकण काढलं होतंस ना? राग मानू नको, पहिला प्रश्न हाच विचारायचा असतो.

फर्स्टगेट
एसएलआर आहे ओ, लेन्समधूनच बघायचं असतं, झाकण असतं तर मलाच काही दिसलं नसतं.

कुंदाप्रेमी
हां बरोबर. माझा रेंजफाइंडर होता, त्यात वेगळ्या खिडकीतून बघतात. त्या विषयावर मी जास्त बोलत नाही.

मुठाकाठी (पुणे)
के१००० हा १९७६ ते १९९७ एवढा काळ निघत होता, म्हणजे तुमचा अगदी शेवटचा असला तरी पाव शतक उलटून गेलंय. त्यातला प्रकाश मोजणारा सेन्सर म्हातारा होतो, सुई हलते म्हणजे बरोबर हलते असं नाही. फोनवर लाइट मीटरचं फुकट ॲप मिळतं ते घ्या आणि कॅमेऱ्यातला सेल काढून ठेवा. के१००० ला शटर चालवायला सेल लागतच नाही, सगळं स्प्रिंगवर आहे. मी गेली ६ वर्षं असंच करतो.

निपाणीकर
झालं, पुण्याचं उत्तर आलं. म्हणजे यंत्र जुनं झालं की काढून ठेवायचं. आमच्या घरात सगळेच जुने हायत ओ, मग काय सगळ्यांना ॲप घालायचं?

कॅम्पातला
मी मराठा लाइट इन्फंट्रीतून निवृत्त. आमच्या वेळी माझ्याकडं झेनिट ई होता, रशियन. त्याला सेल नाही, पुढं उजेडावर वीज तयार करणारी सेलेनियमची जाळी, वर छोट्या खिडकीत सुई. ती सुई बघायची, चकती फिरवून आकडा वाचायचा आणि मग शटर आणि ॲपर्चर आपल्या हातानं लावायचं. शटरपण १/३० ते १/५०० सेकंद एवढंच. दोन वर्षांत जाळी मेली. मग फिल्मच्या खोक्याच्या आत छापलेली चित्रं असायची त्यावर काम चालवलं, सूर्य, सूर्यावर ढग, नुसता ढग. १०० च्या रोलला कडक उन्हात १/१२५ आणि एफ १६ (आकडा मोठा तेवढं भोक बारीक), पातळ ढग आला तर ११, भरून आलं तर ८, अगदी काळं आभाळ किंवा झाडाखाली ५.६, कधी ४. बेटा, एक रोल असा काढून बघ. डोळा तयार होतो.

फर्स्टगेट
काका थँक्यू, पण 'कडक उन्हात' हा भाग जूनपासून बेळगावात कुठून आणू?

कॅम्पातला
😄 ते खरं आहे. माझं पोस्टिंग राजस्थानात होतं.

जुना_फोटोवाला (खानापूर)
३५ वर्षं स्टुडिओ होता माझा, आता पोरगा झेरॉक्स आणि पासपोर्ट फोटो बघतो. ताई, मीटर काय करतंय ते आधी समजून घे, मग विश्वासाचं बघू.

मीटरला एकच रंग कळतो, राखाडी. मधला राखाडी, पुस्तकात १८ टक्के म्हणतात. त्याच्यासमोर जे काय येईल त्याची सरासरी काढून ते म्हणतं, हे सगळं राखाडी आहे असं धरून उजेड किती पाहिजे ते सांगतो. म्हैस दाखव, म्हशीला राखाडी करायला बघतंय, म्हणजे जास्त उजेड देतंय आणि म्हैस धुतल्यासारखी येते. पांढरंफेक धोतर दाखव, धोतराला राखाडी करतंय, म्हणजे उजेड कमी देतंय. लग्नात गुरुजींचा फोटो घेताना हे आमचं नेहमीचं, गुरुजी जवळून घेतले की त्यांचं तोंड काळं.

आणि के१००० अख्ख्या चौकटीची सरासरी काढतो, मधल्या भागाला वेगळा भाव वगैरे देत नाही. राजहंसगडावर तू पावसाळ्यात गेलीस म्हणजे अर्ध्या फोटोत पांढरं आभाळ. सुई आभाळाला भुलली, माती आणि तटबंदी काळी. उपाय सोपा आहे. कॅमेरा खाली गवताकडं धर, आभाळ चौकटीतून घालव, तिथं सुई मधोमध आण, मग वर करून पाहिजे तशी चौकट बांध आणि खटका दाब. आता सुई वर उडेल, उडू दे. हिरवं गवत साधारण त्या राखाडीच्या जवळपासच असतं. गवत नसलं तर आपला तळहात, तळहातावर मीटर करायचं आणि एक स्टॉप (म्हणजे दुप्पट उजेड) उघडायचा.

मुठाकाठी
म्हणूनच म्हणतो, परतणारा उजेड मोजू नये, पडणारा मोजावा. पांढऱ्या घुमटाचं हातातलं मीटर असतं, सेकोनिक वगैरे, ते म्हशीजवळ धरा नाहीतर धोतराजवळ, आकडा तोच येणार.

निपाणीकर
म्हशीजवळ तुम्ही धरा, आम्ही लांबून बघतो.

चिकोडीची_मास्तरीण
थांबा जरा. मी शाळेत फिजिक्स शिकवते, कॅमेऱ्यातलं फार कळत नाही, पण हिशोब जुळत नाही. फोटोवाल्या काकांचं आभाळाचं पटलं. पण कमल बस्तीचं काय? बस्ती १२०४ मधली, दगड काळसर. काकांच्याच म्हशीच्या नियमानं काळ्या दगडावर सुई फसली असती तर जास्त उजेड मिळून फोटो पांढुरके यायला पाहिजे होते. मुलगी म्हणते तेही काळपट आलेत. एकाच चुकीनं गडावर आणि बस्तीत दोन्हीकडं काळं कसं?

कुंदाप्रेमी
वर्गात शांतता पसरली.

सावंतवाडी_व्हाया_आंबोली
मॅडम, बस्तीच्या आतून दाराकडे बघून काढला असेल तर दाराचा उजेड सुईला खेचतो, मग आतलं काळं होणारच.

फर्स्टगेट
नाही ना. दाराकडे पाठ होती. एका खांबाचा तर इतका जवळून घेतला की चौकटीत खांबाशिवाय काहीच नव्हतं. एफ २ ला १/१२५ मिळत होता म्हणून मी खूश होते की हात हलणार नाही. तोपण राखट.

जुना_फोटोवाला
बाईंचं बरोबर आहे, मी घाईत बोललो. ताई, निगेटिव्ह आणलीस ना लॅबमधून? नुसते स्कॅन बघून काही कळायचं नाही, स्कॅनर स्वतःच्या मनानं उजळ करतो आणि आपल्याला वाटतं फोटोच असा आला. निगेटिव्ह खिडकीला धरून बघ आणि दोन गोष्टी सांग. एक, फोटोची चौकट फिकट आहे की दाट. दोन, कडेला जे आकडे आणि फिल्मचं नाव छापलेलं असतं ते ठळक आहे की तेही फिकट. कडेचे आकडे कारखान्यात उमटवलेले असतात, तुझ्या कॅमेऱ्याचा त्यांच्याशी संबंध नाही. आकडे ठळक आणि चौकट फिकट, तर उजेड कमी पडला, चूक कॅमेऱ्याकडची. दोन्ही फिकट, तर धुण्यात गडबड. कलरचं डेव्हलपर ३८ डिग्रीला सव्वातीन मिनिटं लागतं, केमिकल दमलेलं असलं की सगळंच फिकट येतं.

फर्स्टगेट
निगेटिव्ह लॅबमध्येच आहे, लॅब लांबची आहे, कुरिअरने मागवते. दोन-तीन दिवस लागतील.

कुंदाप्रेमी
तोवर धागा भरकटवायची जबाबदारी माझी.

पिक्चर_ट्यूब (शहापूर)
शटर बिघडलंय का हे विचारलेलं, त्याचं उत्तर कुणीच दिलं नाही म्हणून लिहितो. माझं टीव्ही दुरुस्तीचं दुकान होतं, फोटोवाले कॅमेरे घेऊन माझ्याकडं यायचे, कारण जुना डब्बा टीव्ही हे शटर मोजायचं फुकटचं यंत्र आहे. आपल्या टीव्हीवर ६२५ रेघा, सेकंदाला २५ चित्रं, म्हणजे सेकंदाला १५,६२५ रेघा काढल्या जातात. १/१००० वर शटर उघडलं तर तेवढ्या वेळात १५-१६ रेघा, १/५०० ला ३१ च्या आसपास, १/१२५ ला १२५. कॅमेऱ्याचं मागचं झाकण उघडायचं (रोल नसताना!), लेन्स काढायची, खोली अंधारी करून टीव्ही लावायचा आणि मागून बघत खटका दाबायचा. पट्टा दिसतो. के१००० च्या शटरचे दोन पडदे (एक उघडतो, दुसरा मागून झाकतो) कापडाचे आणि आडवे पळतात त्यामुळं पट्टा तिरका दिसतो, घाबरू नये, उभ्यात रेघा मोजाव्या. एका बाजूला पट्टा जाड आणि दुसऱ्या बाजूला बारीक दिसला तर दोन पडद्यांची चाल सारखी नाही.

आता डब्बा टीव्ही कुठून आणणार हा प्रश्न आहेच. माझ्याकडं एक आहे, बायको म्हणते एक तर तो नाहीतर मी.

सदाशिवनगर_९०
टीव्ही नसला तर फोनच्या स्लो मोशनवर होतं. सेकंदाला २४० फ्रेमचा व्हिडिओ घ्या, मागून उजेड धरा, शटर किती फ्रेम उघडं आहे ते मोजा. १ सेकंदाला २४०, अर्ध्याला १२०, १/३० ला ८, १/६० ला ४. त्याच्या पुढं फ्रेमच पुरत नाहीत. पण जुन्या कॅमेऱ्यात बहुतेक वेळा हळू स्पीडच रडतात, आतल्या गिअरमधलं तेल घट्ट होऊन १ सेकंदाचे दीड सेकंद होतात. आपल्या हवेत तर विचारू नका, माझ्या लेन्समध्ये एका पावसाळ्यात बुरशीची रांगोळी उठली.

चिकोडीची_मास्तरीण
पण मग हळू शटरनं उजेड जास्त पडेल, कमी नाही. परत उलटंच.

सदाशिवनगर_९०
मॅडम तुम्ही सगळ्यांची उत्तरं तपासायला बसलाय 🙏

चंदगडी
सेलची शंका घ्या की. माझ्याकडं याशिका मॅट १२४ जी आहे, त्याला जुना पाऱ्याचा सेल लागायचा, १.३५ व्होल्टचा. तो आता मिळत नाही. मी दुकानदाराच्या सांगण्यावरून त्याच मापाचा १.५ चा घातला, सुई जास्त उडायला लागली, म्हणजे मी जास्त बंद करायचो आणि फोटो काळे. शेवटी कानाच्या मशीनला घालतात तो ६७५ नंबरचा सेल घातला, १.४ चा. स्टिकर काढलं की हवा लागून सुरू होतो आणि थोड्या आठवड्यांत संपतो, पण आकडा बरोबर येतो. दुकानातली बाई विचारते आजोबांना ऐकू यायला लागलं का.

जुना_फोटोवाला
के१००० ला ती भानगड नाही. तो साध्या एलआर ४४ वर चालतो, औषधाच्या दुकानातपण मिळतो. फक्त त्याला चालू-बंद बटण नाही, लेन्स उघडी ठेवून कपाटावर ठेवला तर मीटर चालूच राहतं. झाकण लावून ठेवायचा. म्हणजे कुंदाप्रेमींचं झाकण शेवटी कामाला आलंच.

कुंदाप्रेमी
मी कुठल्याही धाग्यात वाया जात नाही.

निपाणीकर
शटर स्पीडवरनं आठवलं. मी शिकत होतो तेव्हा एका मोठ्या फोटोग्राफरच्या हाताखाली लग्नाला गेलेलो, अक्षता पडायच्या वेळी ते म्हणाले घे तू पण दोन-चार. मी फ्लॅश लावला, आणि अक्षता हवेत थांबल्या पाहिजेत म्हणून शौकानं शटर १/५०० केलं. रोल धुवून आला तर प्रत्येक फोटोत नवरा लख्ख आणि बाकी चौकट काळी. नवरीच न्हाई! त्या कॅमेऱ्यात फ्लॅश लावून १/६० च्या वर गेलं की पडदा पूर्ण उघडायच्या आधीच दुसरा पडदा निघतो, मधे नुसती फट सरकते, आणि फ्लॅश त्या फटीवर पडतो, हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. नवरीकडची मंडळी फोटो बघून म्हणाली आमची पोरगी दिली का ठेवली?

जुना_फोटोवाला
हाहा, हे प्रत्येकानं एकदा केलेलं आहे. के१००० ला १/६०, काकांच्या झेनिटला १/३०, नंतरच्या याशिका एफएक्स ३ सुपर २००० ला १/१२५ पर्यंत चालायचं कारण त्याचा पडदा धातूचा आणि वरून खाली पळणारा. लग्नवाल्यांनी म्हणून तो धरला. त्याचं कातडं मात्र चिकट होऊन सुटायचं, माझ्या तिन्ही याशिका शेवटी नागड्या झाल्या.

मुठाकाठी
निपाणीकर, अक्षता हवेत थांबवायला शटर लागतच नाही. फ्लॅशचा उजेड स्वतःच हजारांश सेकंद किंवा त्याहून कमी टिकतो, तोच थांबवतो. १/६० ठेवला असता तरी तांदूळ थांबले असते.

निपाणीकर
आता सांगायलाय? त्या नवरीला आता जावई आलाय.

गोकाक_रोड
शटरचा विषय आहे तर धबधब्याचं कुणीच बोललं नाही. गोकाकला झुलत्या पुलावरून मी १/५०० आणि १/४ असे दोन्ही काढलेत. १/५०० ला पाणी दगडासारखं दिसतं, थेंब न् थेंब. १/४ ला रेशमी वगैरे होतं पण पूल माणसांनी हलत असतो, ट्रायपॉड लावून काही उपयोग नाही, काठावर या. आणि सगळीकडं लिहिलेलं असतं की धबधब्याचं पांढरं पाणी मीटरला फसवतं म्हणून एक स्टॉप जास्त द्या. आमच्या घटप्रभेला जुलै-ऑगस्टमध्ये हा नियम लागू नाही. पाणी चहासारखं असतं. मी पुस्तकाचं ऐकून एक स्टॉप जास्त दिला, दुधाचा चहा आला.

सावंतवाडी_व्हाया_आंबोली
आमच्याकडच्या धुक्याला मात्र द्यावाच लागतो. आंबोलीत नाहीतर चोर्ला घाटात धुकं असेल तर सुईनं सांगितलेल्याच्या वर एक स्टॉप, नाहीतर धुकं न दिसता धूर दिसतो.

राकसकोप
मी एकदा पहिल्या रोलला डायलवरचा २ म्हणजे २ सेकंद आणि ४ म्हणजे ४ सेकंद समजून चाललो होतो. वर नुसते आकडे असतात, छेदातले आहेत हे कुणी सांगत नाही. घड्याळ बघत उभा, खटका लगेच बंद होतोय, मी म्हणतोय बिघडला. दुकानदाराशी भांडूनपण आलो.

कॅम्पातला
दुकानदार काय म्हणाला?

राकसकोप
चहा पाजला आणि अपूर्णांक शिकवले.

चित्ररथ
शिवजयंतीच्या मिरवणुकीला रात्री फिल्मवर कुणी काढतं का? मी दरवर्षी ४०० चा ब्लॅक अँड व्हाइट १६०० समजून काढतो आणि धुताना वेळ वाढवून घेतो. एफ २ ला १/३०, १/६०. चित्ररथाचे दिवे चौकटीत असले की सुई वेड्यासारखी करते म्हणून मी समोरच्या माणसांच्या तोंडावर मीटर करतो आणि मग रात्रभर तेच ठेवतो, हात लावत नाही. गर्दीत डायल बघायला वेळ कुठं असतो.

मुठाकाठी
४०० ला १६०० म्हणजे दोन स्टॉप पुश. सावल्या जाणार.

चित्ररथ
जाऊ देत, रात्र आहे.

फर्स्टगेट
आले आले. निगेटिव्ह मिळाल्या. खिडकीला धरून बघितल्या. कडेचे आकडे एकदम ठळक, सगळ्या पट्ट्यांवर सारखे. चौकटी १ ते १३ व्यवस्थित दिसतात, आणि १४ पासून शेवटपर्यंत इतक्या फिकट की पलीकडचं आंब्याचं झाड दिसतंय. हळूहळू फिकट नाही होत, १३ चांगली आणि १४ एकदम गेली.

चिकोडीची_मास्तरीण
झालं की मग. सेन्सर एका फोटोत म्हातारा होत नाही. लॅब पण सुटली. १३ आणि १४ च्या मधे काय झालं ते सांग.

फर्स्टगेट
१३ वा घराच्या गच्चीवरून. १४ वा राजहंसगडावर. येळ्ळूरच्या पुढं पाऊस लागला, कॅमेरा ओढणीत गुंडाळला. वर पोचल्यावर मावसभावाने रुमालाने पुसून दिला. आणि हो, डायल घट्ट झाल्यासारखी वाटत होती, बोटं ओली होती, मी चिमटीत धरून ओढून फिरवली.

जुना_फोटोवाला
ओढून फिरवलीस??

ताई, शटरच्या डायलवर एक छोटी खिडकी आहे, त्यात एएसए, म्हणजे फिल्मचा आकडा, लिहिलेलं असतं. त्यात आत्ता कुठला आकडा दिसतोय?

फर्स्टगेट
अय्यो.

१६००.

निपाणीकर
🤦🤦🤦

कुंदाप्रेमी
सापडला चोर. घरातलाच निघाला.

जुना_फोटोवाला
डायलची कड वर ओढून फिरवली की फिल्मचा आकडा बदलतो, नुसतीच फिरवली तर शटर. एकाच चकतीत दोन्ही कामं कोंबलीत. २०० ते ४००, ४०० ते ८००, ८०० ते १६००, बरोबर तीन स्टॉप. कॅमेऱ्याला वाटलं आत १६०० चा रोल आहे, म्हणून सुईनं आठपट कमी उजेडावर 'बरोबर' सांगितलं. आणि मी पण कसला, तू आधीच लिहिलं होतंस की बस्तीत एफ २ ला १/१२५ मिळाला, तेव्हाच कान टवकारायला पाहिजे होते. पावसाळ्यात त्या बस्तीच्या आत २०० च्या रोलला १/१५ मिळाला तरी देवाची कृपा. १/१५ ते १/१२५, तिथंही तीनच स्टॉप.

मुठाकाठी
मान्य, मीटर बरोबर होतं. माझं ॲप मात्र मी काढणार नाही.

फर्स्टगेट
म्हणजे गडावरचं आभाळ, बस्तीचा काळा दगड यातलं काहीच नव्हतं?

जुना_फोटोवाला
होतंच की, पण त्या एक-दोन स्टॉपच्या गोष्टी. कलर निगेटिव्ह जास्त उजेड दोन स्टॉप सहज पचवतं, कमी उजेड मात्र एक स्टॉपसुद्धा जेमतेम. त्यात तू आधीच तीन खाली. काळ्या खांबानं तुला थोडं वर उचललंच असेल, ते फोटो गडावरच्यापेक्षा जरा बरे आहेत का बघ.

फर्स्टगेट
हो!! खांबाचा सगळ्यात कमी वाईट आहे.

चिकोडीची_मास्तरीण
म्हैस वाचली.

कॅम्पातला
बेटा, आता माझ्या सूर्य-ढगाचा उपयोग सांगतो. तो सुई काढून टाकायला नाही, सुईला ताडून बघायला ठेव. २०० चा रोल, ऊन पडलं की १/२५० आणि एफ १६ लाव आणि उन्हातल्या गवताकडं किंवा रस्त्याकडं बघ, सुई मधोमध किंवा जवळपास पाहिजे. त्या दिवशी तू हे केलं असतंस तर सुई पार वर जाऊन बसली असती आणि तुला तिथंच कळलं असतं.

फर्स्टगेट
पण काका, ऊन.

कॅम्पातला
भरून आलेलं असलं तर एफ ८ ला बघ, दर वेळी राजस्थान कशाला पाहिजे.

पिक्चर_ट्यूब
आणि शटर तपासायचं असेल तर शहापूरला ये, टीव्ही अजून आहे. बायकोपण आहे.

फर्स्टगेट
नक्की येते काका. खिडकीवर चिकटपट्टी लावली, वर पेनानं २०० लिहिलंय. दुसरा रोल घातलाय. पहिल्या १३ मध्ये आजीचा एक फोटो फार छान आलाय, तो मोठा करून घेणार, मग घरी पैशांचं सांगणार, त्याच क्रमाने.

कुंदाप्रेमी
आजीबरोबर मिठाई म्हणून कुंदापण ने. हमखास.

निपाणीकर
ओ फोटोवाले. हे सगळं वाचून माझा के१००० पण काढून बघितला आत्ता. आत ४०० चा ब्लॅक अँड व्हाइट हाय, २९ फोटो झालेत. खिडकीत २५ दिसायलाय.

जुना_फोटोवाला
चार स्टॉप जास्त. निगेटिव्ह डांबरासारखी दाट येणार. पण ब्लॅक अँड व्हाइट आहे, धुणाऱ्याला स्पष्ट सांगा की १०० धरून धुवा, वेळ कमी करून. दोन स्टॉप तिथं सावरतील, उरलेले फिल्म झेपवेल बहुतेक. दाणे वाढतील, चेहरे वाचतील. काय आहे त्यात?

निपाणीकर
नातवाचं बारसं.

मुठाकाठी
आणि तुम्ही आम्हाला ॲपवरून बोलत होता.

निपाणीकर
बोला, बोला, आज तुमचा दिवस हाय. फक्त आमच्या सूनबाई या साइटवर वाचतात, तेवढं तिला कुणी हा धागा दाखवू नका.

निपाणीची_सून
वाचला. 🙂